वाचवलेलं एक वर्ष

सगळा घोळ झाला तो बास्केटबॉलच्या कोर्टाला पॉलिश केल्यामुळे.

आमच्या दरीत देवाच्या खालोखाल मान कुणाला असेल तर तो शाळेच्या कोर्टाला. मॅपलचं लाकूड, मधोमध रंगवलेलं आमच्या टीमचं अस्वल, आणि त्या अस्वलावर बूट घालून पाय ठेवाल तर खबरदार! मे महिन्यात कोच टॅकेटनं पॉलिश करून घेतलं आणि दाराला कुलूप ठोकलं. आता इतकी वर्षं मेमधल्या त्या मोठ्या परीक्षा त्याच कोर्टावर बाकं मांडून व्हायच्या, हे त्याला ठाऊक नव्हतं का? होतं. प्रिन्सिपॉल जाऊन विनवून आले, गणिताच्या मिसेस प्रुइट जाऊन आल्या. टॅकेट म्हणाला, "बाकांच्या लोखंडी पायांनी ओरखडे पडले तर पुढच्या मोसमात खेळायचं कशावर? तुमच्या त्रिकोणांवर?" झालं, विषय संपला. केंटकीच्या या डोंगरात प्रिन्सिपॉलपेक्षा कोच मोठा असतो.

या परीक्षांना सगळे एपी म्हणतात. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकायचा, मेमध्ये परीक्षा द्यायची, पाचापैकी तीन-चार मिळाले की कॉलेज म्हणतं, जा पोरी, हा विषय तुझा झाला, घे याचे क्रेडिट. असे पुरेसे क्रेडिट साठले की चार वर्षांची पदवी तीन वर्षांत हातात. माझी पोरगी ब्रेलिन दोन वर्षं घाण्याला जुंपल्यासारखी खपत होती. इतिहास, इंग्रजी, जीवशास्त्र, सगळं तिनं खिशात टाकलं होतं. उरलं होतं एकच, कॅल्क्युलस. तिला गणिताची शिक्षिका व्हायचंय. आणि गणितात पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवू देत नाहीत. बाकीचं सगळं खिशात असलं आणि कॅल्क्युलस हुकलं, की गाडी परत चार वर्षांवर. सगळं वर्ष त्या एका सकाळवर टांगलेलं होतं.

मला वाटायचं, पोरीला घाई आहे ती जगाला लवकर तोंड दाखवायची. मी चिडवायचो, "कॉलेजचं दार अजून बघितलं नाहीस आणि बाहेर पडायची तयारी?" एरवी माझ्या टोमण्याला दोन टोमणे परत मारणारी पोर, या एका गोष्टीवर मात्र कधी हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं असं, की खाणीत तेवीस वर्षं काळोखात काढली आणि उजेडातलंही दिसेनासं झालं.

तर कोर्ट बंद म्हणून कॅल्क्युलसची परीक्षा हलवली चर्चच्या जेवणघरात. चर्चच्या बायकांना कळलं, पोरं येणार आहेत. मग काय विचारता! एखाद्याच्या लग्नाला असावा तसा थाट. गोल टेबलं मांडली, प्रत्येकावर पांढरी चादर, मधोमध फुलं. कोपऱ्यात सफरचंदाचा थरांचा केक, सॉसेज, कॉफी. एकेका टेबलाभोवती चार-पाच पोरं, एकमेकांकडे तोंड करून. मिसेस प्रुइट ब्रेलिनच्या गणिताच्या बाई, आणि परीक्षेची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि कपाळाला हात लावला. पण पेपर येऊन पडलेले, घड्याळ डोक्यावर, बाकं कुलपात. शेवटी बाईंनी पोरांच्या मधे चर्चची गाण्यांची पुस्तकं उभी करून आडोसे केले, आणि म्हणाल्या, चला, देवाचं नाव घ्या.

पोरांनी खरंच घेतलं. माना खाली, हातात हात. आणि पास्टरच्या बायकोला, ओपलला, ते दृश्य इतकं गोड वाटलं की तिनं फोटो काढून चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. 'आमची हुशार पाखरं.' अख्ख्या दरीनं त्याला बदाम दिले. मीसुद्धा दिला.

मे संपता संपता मिसेस प्रुइटची गाडी आमच्या चढावर आली. मी ओसरीवर बसलो होतो. माझी ऑक्सिजनची नळी आतल्या मशीनपासून बरोबर ओसरीच्या पायरीपर्यंत पुरते, पुढे नाही. नडीन, माझी बायको, दिवसभर त्या नळीला अडखळते आणि दर वेळी मला शिव्या घालते, जसं काही मी मुद्दामच तिला पाडायला बसलोय. तर बाई गाडीतून उतरेचनात. नुसत्या स्टिअरिंग धरून बसल्या.

"नडीन," मी हाक मारली, "बाहेर ये. काहीतरी बिनसलंय."

बाई आल्या, खुर्चीवर टेकल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली. "ऑर्बिन, पेपर रद्द झाला. सगळ्या पोरांचा."

"रद्द म्हणजे?"

"नियम आहे. सगळी तोंडं एका दिशेला हवीत, दोघांत पाच फूट अंतर हवं. गोल टेबल तर चालतच नाही. कुणीतरी तो फोटो परीक्षा मंडळाला दाखवला. मुद्दाम नाही हो, कुणाची तरी पाहुणी तिकडे कामाला आहे, तिनंच कौतुकानं..." आणि बाई रडायलाच लागल्या. "मला दिसत होतं. मी थांबवायला हवं होतं. पण त्या बायकांनी पहाटे उठून केक केला होता."

नडीननं त्यांना पाणी दिलं. मी विचारलं, "कुणी कॉपी केली का?"

"कुणीच नाही. पण ते सिद्ध करता येत नाही."

जूनमध्ये एक दिवस फेरपरीक्षा मिळेल, नवा पेपर, बाईंनी सांगितलं. पण जागा नियमाप्रमाणे हवी, नाहीतर तीही नाही. वर्गातली बाकं जमिनीला ठोकलेली, जवळजवळ. शाळेच्या जेवणघरात लांब टेबलं. एवढी मोठी मोकळी जागा अख्ख्या दरीत एकच, आणि तिची किल्ली टॅकेटच्या कमरेला.

तेवढ्यात ब्रेलिन आली. आइस्क्रीमच्या दुकानात सकाळची पाळी करते, अंगावर तो गुलाबी एप्रन तसाच. बाईंचा चेहरा बघून ती पायरीवरच थबकली. बाईंनी सांगितलं. माझी पोर लहानपणी सायकलवरून पडली, ढोपर फुटलं, तरी आधी सायकल बघायची. तशीच उभी राहिली, काहीतरी मोडलंय का बघत असल्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे चार वर्षं."

"चार तर चार!" मी म्हणालो. मला वाटलं, धीर देतोय. "सगळं जग चार वर्षंच करतं. काय आभाळ कोसळणारे?"

ती माझ्याकडे वळली. एवढं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्याकडे चार आहेत का, डॅडी?"

आत मशीन घरघरत होतं. मी नडीनकडे बघितलं, आणि नडीननं मान खाली घातली.

आता सांगतो. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला आणि नडीनला बसवून सांगितलं होतं. फुप्फुसात कोळशाची धूळ इतकी बसलीय की तीन वर्षं धरून चला, जास्त मिळाली तर देवाची कृपा. मी नडीनला बजावलं होतं, पोरीला अक्षर कळता कामा नये. तिचं शेवटचं शाळेचं वर्ष, तिला हुंदडू दे.

"तू सांगितलंस?" मी नडीनला म्हणालो.

"सांगितलं," ती म्हणाली. "ती तीन तासांवरचं कॉलेज निवडत होती. तिला काही ठाऊक नसताना निवडू द्यायचं होतं? आणि उद्या ती मला म्हणाली असती, मॉम, तू गप्प का बसलीस, तर मी काय तोंड दाखवलं असतं? तू तर सुटलेला असशील!"

या बाईशी वाद घालायला मला जेवढा श्वास लागतो तेवढा आता माझ्याकडे नाही. मिसेस प्रुइट बिचाऱ्या पर्स सावरत उठल्या, दुसऱ्याच्या घरातली उघडी जखम दिसल्यासारख्या. आणि मी तिथं बसून एवढंच समजून घेत होतो, की दोन वर्षांतले शेवटचे सहा महिने पोरगी खपत होती ती माझ्यासाठी. मी मरायच्या आत शिकून परत यावं म्हणून.

मला लाज वाटली. राग आला. आणि, खोटं का बोलू, आतून बरंही वाटलं. तिन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी मी खांद्याला ऑक्सिजनची छोटी टाकी अडकवली, आणि नडीन नको नको म्हणत असताना पिकअप काढून शाळेत गेलो. टॅकेट कोर्टाच्या कडेला मोज्यांवर उभा होता, फडक्यानं एक न दिसणारा डाग पुसत.

"बूट काढ," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"बूट काढतो. कुलूपही काढ."

"ऑर्बिन, मला ठाऊक आहे तू का आलास. प्रिन्सिपॉल आले होते."

"मग?"

"तीस बाकं, एकशेवीस लोखंडी पाय. तू मला सांग, तू माझ्या जागी असतास तर?"

मी आणि टॅकेट याच कोर्टावर एकत्र खेळलोय. तो उंच, मी चपळ. आता तो तसाच आहे आणि मला जिना चढताना मधे बसावं लागतं. मी म्हणालो, "तुझ्या जागी असतो तर मी म्हणालो असतो, हे लाकूड आहे. पोरं म्हणजे..." आणि तिथेच श्वास संपला. शब्द तोंडात, पण मागून ढकलायला हवा नाही. मी बाकावर बसलो, टाकीचं बटण फिरवलं आणि जमिनीकडे बघत राहिलो. टॅकेट फडकं हातात धरून बघत राहिला.

मला वाद जिंकायचा होता. मुद्दे होते माझ्याकडे, गाडीत घोकत आलो होतो. मिळाली ती दया. च्यायला, घेतली.

"टेनिसचे बॉल," टॅकेट शेवटी म्हणाला. "पायांना कापून बसवले तर ओरखडे पडणार नाहीत. आणि एकाच्याही पायात बूट दिसला तर मी परीक्षा थांबवीन, मग मला तुरुंगात टाका."

"टाकू," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस दरीत जुने टेनिस बॉल गोळा करायची मोहीम निघाली. ओपलनं तर कुत्र्याच्या तोंडातून काढून दिला. फोटो टाकल्यापासून ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी तिला म्हणालो, "ओपल, केक आण, फक्त दाराबाहेर ठेव. आणि फोन घरी ठेव." टॅकेटच्या टीमनं पॉलिशवर मेणकापड अंथरलं, बाकं मांडली, मिसेस प्रुइटनी टेप घेऊन दोन बाकांमधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि टॅकेटला मोजायला लावलं. कधी नव्हे ती गणिताची बाई आणि कोच एकाच कामाला गुडघ्यावर बसलेले मी पाहिले.

घरात मात्र ब्रेलिन जेवत नव्हती. पुस्तक उघडं, पेन्सिलीचं टोक चावलेलं. मी टाकी अडकवून शेजारून गेलो की तिची नजर माझ्या तोंडाकडे नाही, टाकीत हवा किती उरलीय ते दाखवणाऱ्या काट्याकडे जायची. आधी काटा, मग मी. हे ती कधीपासून करतेय, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. मला ओरडावंसं वाटायचं, बघू नकोस तिकडे! पण ओरडायलाही काट्यातलीच हवा लागते.

फेरपरीक्षेच्या सकाळी तिला मीच सोडलं. गाडीतून उतरताना ती म्हणाली, "डॅडी, नाही जमलं तर?"

काय सांगणार? जमेल म्हणावं तर उगाच. नाही जमलं तरी चालेल म्हणावं, तर तिला ठाऊक होतं काय चालणार नाही ते. मी म्हणालो, "मोजे फाटके नाहीत ना? टॅकेट बघतोय."

ती हसली. तेवढ्यावर आत गेली.

मला आत बसता येत नव्हतं, माझ्या टाकीच्या फुसफुशीनं पोरांचं लक्ष उडेल म्हणून. बाहेर झाडाखाली पिकअपमध्ये बसलो. दार बंद झालं आणि शाळेच्या आवारात इतकी शांतता पसरली की मला माझा श्वास ऐकू यायला लागला, आणि तो ऐकायला मला आवडत नाही. काय करत असेल? पहिलंच गणित अडलं असेल तर? एकदा अडलं की ती पेन्सिल चावत बसते. छोटी टाकी दोन तासांची, परीक्षा तीन तासांहून जास्त. घरी जाऊन बदलून यायला वेळ होता. पण मी गेलो आणि तेवढ्यात काही झालं तर? काय होणार होतं, मला विचारू नका. मी गेलो नाही. काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता आणि मी हवा कमी-कमी करत होतो, जीव मुठीत धरून.

पोरं बाहेर आली ती हातात बूट घेऊन. ब्रेलिन सर्वांत शेवटी. काचेजवळ आली, आधी काटा बघितला.

"तू वेडा आहेस का!" ती किंचाळली. मला बाजूला ढकलून स्टिअरिंगवर बसली आणि मोज्यांवरच गाडी हाणली. घरी पोचेपर्यंत ती मला शिव्या देत होती आणि रडत होती. पेपर कसा गेला हे मी विचारलंच नाही.

निकाल जुलैत आला. ओसरीवर नडीन शेंगा सोलत होती, ब्रेलिन फोन घेऊन पायरीवर. पान उघडेना. मग ती म्हणाली, "चार."

"चार म्हणजे?" नडीननं विचारलं. "चार वर्षं?"

"पाचापैकी चार, मॉम! झालं! मिळाले क्रेडिट!"

शेंगा सगळ्या ओसरीभर. नडीन नाचली, नळीत अडकली, आणि पहिल्यांदाच मला शिवी दिली नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

पण माझं एक भाषण तयार होतं. जून महिनाभर मी ते जुळवलं होतं. की पोरी, क्रेडिट मिळाले, छान, पण ते वापरू नकोस. तीन वर्षांत ऊर फुटेस्तोवर धावू नकोस. मित्र कर, रात्र रात्र गप्पा मार, प्रेमात पड. मी टिकलो तर टिकलो. माझ्या फुप्फुसाच्या घड्याळावर तुझं तारुण्य लावू नकोस. ऑगस्टच्या सुरुवातीला ती कॉलेजात विषय निवडून परत आली, आणि मी घसा साफ केला.

"ब्रे, बस. तीन वर्षांचं जे काही..."

"तीन वर्षांत नाही करणार मी," ती म्हणाली. "चारच."

माझं भाषण बोंबललं. "मग? मग ती सगळी मरमर कशाला केली?"

"क्रेडिट वापरलेत, डॅडी. सगळे. बाकीची पोरं दर सत्राला पाच विषय घेतात, मी चारच घेणार. चार विषय तीन दिवसांत बसतात. गुरुवारी दुपारी सुटेन आणि सोमवारी संध्याकाळी परत जाईन. दर आठवड्याला. चारही वर्षं."

"आणि ते वाचवलेलं वर्ष?"

"हेच ते. सुट्टं करून घेतलं." ती पायरीवरचा सुटलेला रंग नखानं उचकटत होती. "शेवटी एकदम मिळून काय करू? मला ते आत्ता हवंय."

गणितात या पोरीचा हात कुणी धरणार नाही. मला कळलं तिनं काय केलं होतं. तिनं मला मांडून बघितलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि तिला डॉक्टरांच्या तीन वर्षांचाही भरवसा वाटला नव्हता. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी वेडंवाकडं बोलतो.

"त्या कॉलेजात सगळ्यांना सांगितलंस वाटतं, माझा बाप मरायला टेकलाय म्हणून?"

"फक्त सल्लागार बाईंना."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, शुक्रवार मोकळा हवा असं सगळीच पोरं म्हणतात. कारण मात्र दारू पिण्याचं असतं."

मी हसलो, हसता हसता खोकलो, आणि खोकला थांबेपर्यंत तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

ती गेली. घर असं गप्प झालं की नडीन रेडिओ लावून ठेवायची. पहिल्या आठवड्यात पोरीचा फोन आला, खोली लहान आहे, जेवण बेचव आहे, गणिताचे सर झोप आणतात. मला मनातून धाकधूक. नवी माणसं, नव्या मैत्रिणी, शुक्रवारच्या मौजा. वय आहे तिचं. कशाला येतेय या डोंगरात, म्हाताऱ्याचं खोकणं ऐकायला? नाही आली तर तिला काही म्हणायचं नाही, असं मी नडीनला दोनदा सांगितलं. नडीन म्हणाली, "तू स्वतःलाच सांगतोयस."

गुरुवारी मी छोटी टाकी खांद्याला लावली आणि चढाच्या तोंडाशी, पत्रपेटीजवळ खुर्ची टाकून बसलो. ओसरीवरून रस्ता दिसत नाही, म्हणून. एक गाडी गेली, ती टॅकेटची. हॉर्न वाजवून गेला. मग ओपल. मग कितीतरी वेळ कुणीच नाही. वळणावर काही झालं असेल का? की निघालीच नसेल?

मग तिची खटारा गाडी वळणावरून धुरळा उडवत आली. दार उघडं टाकून ती उतरली, आणि तिची नजर गेली, कुठे जाणार, काट्याकडे.

"डॅडी, कधीपासून बसलायस इथे?"

"आत्ताच आलो. पाय मोकळे करायला."

ती वाकली, काट्यावर बोट ठेवलं, हवा मी किती बारीक करून ठेवलीय ते बघितलं, ओठ हलवत काहीतरी मांडलं. मग माझ्याकडे बघितलं. या वेळी नीट, तोंडाकडे.

"तू येऊन बसलास तेव्हा मी अजून कॉलेजातून निघालेसुद्धा नव्हते," ती म्हणाली.

तिनं खुर्ची एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं मला धरलं, आणि आम्ही हळूहळू चढ चढायला लागलो.